मार्केटिंगचे शिक्षण आणि वऱ्हाडचा बाजार



चालकांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, कामगार कायदे, हमालांची मजुरी किंवा बंद पडलेल्या गिरण्या यांपैकी काहीतरी आम्ही कळवू. आम्ही ‘मार्केटिंगचे शिक्षण’ असे लिहून पाठविले, तेव्हा त्यांनी फोन करून पुन्हा एकदा खात्री करून घेतली. त्यांची शंका रास्त होती. युनियनच्या माणसाने कॉलेजातल्या विषयावर, आणि तोही कंपन्यांच्या उपयोगी पडणाऱ्या विषयावर, काय म्हणून बोलावे? शिवाय आमचे स्वतःचे शाळेतले शिक्षण दहावीपाशीच थांबले. पुढे जे काही वाचले ते नगरवाचनालयाच्या बाकावर, आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात तारखेचा पुकारा होईपर्यंत.

परंतु हा विषय आम्ही शोधीत गेलो नाही. तोच आमच्या कचेरीत चालत आला. गेली काही वर्षे आमच्याकडे दोन प्रकारची माणसे येत आहेत. एक आईबाप. ते विचारतात, “भाऊ, पोरगं एमबीए करून राह्यलं. दुसऱ्या वर्षाले मार्केटिंग घ्यावं का फायनान्स?” दुसरे येतात ते तरुण, दोनतीन वर्षांपूर्वी मार्केटिंग घेऊन बाहेर पडलेले, पाठीवर पिशवी, हातात नेमणुकीचे पत्र आणि चेहऱ्यावर महिनाअखेरीची चिंता. पहिल्यांना वाटते, मुलगा साहेब होणार. दुसऱ्यांना प्रश्न पडलेला असतो, आपण साहेब आहोत की कामगार? या दोन रांगांच्या मध्ये आम्ही उभे आहो, म्हणून हे व्याख्यान.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. मार्केटिंग हा शिकण्यासारखा विषय आहे आणि वऱ्हाडच्या मुलामुलींनी तर तो अवश्य शिकावा. परंतु बाजारात विकणारा, घेणारा, तोलणारा आणि ओझे वाहणारा असे चौघे उभे असतात. शिक्षण जर एकाच्याच खांद्यावर बसून बाजार पाहू लागले, तर उरलेल्या तिघांचे ते शिक्षण राहात नाही. आणि गंमत अशी की, शिकणारे आमचे विद्यार्थी बहुशः त्या उरलेल्या तिघांच्याच घरचे असतात.

ज्यांना या अभ्यासक्रमाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राज्याची प्रवेशपरीक्षा द्यायची, मग दोन वर्षांची चार सत्रे. पहिल्या वर्षी सर्वांना समान असे हिशेब, अर्थशास्त्र, कायदा, उत्पादन, माणसांची व्यवस्था वगैरे विषय असतात. दुसऱ्या वर्षी एक विशेष विषय निवडावयाचा: फायनान्स, मनुष्यबळ, मार्केटिंग इत्यादी. मार्केटिंग घेणाऱ्याला ग्राहकाचे वर्तन, बाजाराचे संशोधन, विक्री आणि वितरण, जाहिरात, ब्रँडची जोपासना आणि अलीकडे मोबाईलवरचे मार्केटिंग असे धडे असतात. मध्यंतरीच्या सुटीत काही आठवडे एखाद्या कंपनीत काढून त्याची वही सादर करावयाची असते.

हे शिक्षण आपल्या दारी फार उशिरा आले. मुंबईचे सिडनहॅम कॉलेज १९१३ चे, अहमदाबाद आणि कलकत्ता येथील व्यवस्थापन संस्था १९६१ च्या, मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. आपले अमरावती विद्यापीठच मुळी १ मे १९८३ रोजी जन्मास आले आणि नागपूरला व्यवस्थापन संस्था निघाली ती २०१५ मध्ये. ज्या शिक्षणासाठी पूर्वी मुंबईस खोली घेऊन राहावे लागे, ते आज अमरावती-अकोल्यास एस.टी.च्या पासावर घेता येते. ही चांगलीच गोष्ट आहे. ज्यांच्या घरी पूर्वी कोणी कॉलेज पाहिले नाही त्यांची मुले या वर्गात बसली आहेत, आणि त्यांत मुलीही आहेत.

मात्र विषयाची निवड कशी होते, हे पाहिले म्हणजे हसू येते. “गणित कच्चे आहे, पण पोरगा बोलका आहे, घेऊ दे मार्केटिंग!” जणू बोलणे हाच त्या विषयाचा सगळा ऐवज. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, अशा अर्थाची म्हण आपल्याकडे आहे. तिच्यावर आपण सारा अभ्यासक्रम उभा केला आहे. वस्तुतः या विषयाची चांगली पुस्तके उघडली तर त्यांत बोलण्यापेक्षा ऐकण्यावर आणि मोजण्यावर अधिक भर आढळतो. घेणाऱ्याला काय हवे, तो कोठून घेतो, केव्हा घेतो, किती देऊ शकतो, माल त्याच्यापर्यंत पोचेतो वाटेत कोण किती घेतो, या साऱ्यांची मोजदाद म्हणजे मार्केटिंग. गणित कच्चे असलेल्याने या वाटेला जरा जपूनच जावे.

आता शब्दाकडे वळू. विद्यापीठाच्या मराठीत मार्केटिंगला ‘विपणन’ म्हणतात आणि सरकारच्या मराठीत ‘पणन’. संस्कृतात पण्य म्हणजे विकावयाची वस्तू, विपणि म्हणजे बाजारपेठ. हा पणन शब्द आमच्या शेतकऱ्याला चांगला ठाऊक आहे, कारण ‘पणन महासंघ’ हे नाव त्याने कापसाच्या गाडीवर बसून, रात्र रात्र रांगेत काढून वाचलेले आहे. राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ मध्ये सुरू झाली, ती या सहकारी पणन महासंघाच्या द्वाराच. म्हणजे पहा: बाप ‘पणन’च्या केंद्रावर कापूस घालीत होता आणि मुलगा कॉलेजात ‘मार्केटिंग’ शिकतो आहे. दोघेही एकाच विषयात आहेत, हे त्या घरात कोणी कोणास सांगितलेले नाही. कॉलेजानेही नाही.

आणि हा विषय वऱ्हाडात काही परदेशी पुस्तकांबरोबर आलेला नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानच्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ मध्ये मुंबईहून नागपूरपर्यंत आगगाडी आली. अकोल्याशेजारच्या खामगावला खास कापसासाठी रेल्वेचा फाटा काढला, आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एका बाजारपेठेसाठी व्हाइसरॉय यावा, एवढे त्या बाजाराचे मोल होते.

त्या काळी मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला एक नाव होते: ‘ऊमरा’. हे नाव आले ऊमरावतीवरून, म्हणजे आपल्या अमरावतीवरून. लिव्हरपूलच्या ज्या दलालाने अमरावतीचा अंबादरवाजा किंवा जवाहर गेट कधी पाहिले नव्हते, तो ‘ऊमरा’ म्हणताच कोणता धागा, किती लांब, कोणत्या भावाचा, हे ओळखीत होता. आज वर्गात ब्रँड म्हणून जे शिकवितात ते याहून वेगळे काय आहे? आपल्या गावाचे नाव दीडशे वर्षांपूर्वी जगाच्या बाजारात ब्रँड होते.

पण या नावाचे पुढे काय झाले, हेही मुलांना शिकविले पाहिजे. जुनी ‘बनी’ जात बारीक व लांब धाग्याची. तिच्या जागी आखूड धाग्याचे, पण रुईचा उतारा जास्त देणारे वाण पसरले, कारण लांब धाग्याचे जादा दाम शेतकऱ्याच्या हाती पडेनात. शिवाय व्यापारात मिसळ होऊ लागली. हलका कापूस एका भागातून आणून चांगल्या नावाने विकला जाई. शेवटी सरकारला १९२३ चा कापूस वाहतुकीचा आणि १९२५ चा जिनिंग-प्रेसिंगचा कायदा करावा लागला. गाठ कोणत्या प्रेसमधून निघाली त्याची खूण तिच्यावर असलीच पाहिजे, असे ठरले. ज्या बाजारात चांगल्या-वाईटाला एकच भाव मिळतो तेथे चांगला माल टिकत नाही आणि नावही टिकत नाही. २०२० मध्ये भारतीय कापसाला ‘कस्तुरी’ हे नाव देऊन नवा ब्रँड काढला गेला. नाव सुगंधी आहे. परंतु ‘ऊमरा’चा इतिहास वाचलेला विद्यार्थी पहिला प्रश्न हाच विचारील की, या नावाचे चार पैसे जास्त आले तर ते वेचणाऱ्या बाईपर्यंत आणि पेरणाऱ्या माणसापर्यंत पोचणार कसे?

दुसरी गोष्ट बाजाराच्या कायद्याची. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजाचा कापूस बाजार १८८६ मध्ये सरकारी नियमाखाली आला. देशातील नियंत्रित बाजारांचा आरंभ तेथून धरतात. १८९७ मध्ये खास वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. शेतकऱ्याची लूट बाजारात कशी होत असे? काट्यात, कडत्यात, धर्मादायात, वानगी म्हणून काढलेल्या ओंजळीत, आणि कित्येक ठिकाणी रुमालाखाली बोटे धरून ठरविलेल्या भावात, जो माल आणणाऱ्याखेरीज सर्वांना कळे. तेव्हा तोल, दर आणि दलाली यांस नियम लावणे, हे मोठे काम होते. तथापि १८९७ च्या कायद्यात एक उणीव होती. बाजार चालविणाऱ्या समितीत शेतकऱ्याचा प्रतिनिधी असलाच पाहिजे, अशी तरतूद त्यात नव्हती. माल त्याचा, घाम त्याचा, पण टेबलाशी खुर्ची दुसऱ्याची. पुढे १९२७ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्यात उत्पादकाला जागा मिळाली, १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजार देशभर व्हावेत असे सांगितले, आणि आपल्या राज्याचा कृषी उत्पन्न पणन कायदा १९६३ चा. खुर्ची मिळण्यास किती वर्षे लागली, हे आपणच मोजा. खुर्ची मिळूनही न्याय किती मिळाला, हा निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

सांगावयाचे तात्पर्य, बाजार हा पाऊसपाण्यासारखा आकाशातून पडत नाही. माणसे तो बांधतात, नियम करतात, आणि नियम करताना जो हजर असतो त्याच्या बाजूने तो थोडा कलतो. मार्केटिंगच्या विद्यार्थ्याने हे पहिल्या दिवशी शिकावे.

येथे कोणी म्हणेल, कापसाचे पणन निराळे आणि साबण-मोटारसायकलींचे मार्केटिंग निराळे. हा भेद मूळचा नाही. अमेरिकेत विद्यापीठांतून हा विषय शिकविण्यास आरंभ झाला तो १९०२ च्या सुमारास, आणि त्याच्या आरंभीच्या ग्रंथांत वेल्ड नावाच्या प्राध्यापकाचा १९१६ चा ग्रंथ आहे. त्याचा विषय शेतमालाचे मार्केटिंग हाच. आपल्याकडे धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून १९३३ मध्ये पुण्यातील फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध केली. गाडगीळांचे बालपण नागपुरात गेलेले. म्हणजे ते आपल्याच बाजूचे. फळ मळ्यातून निघून गिऱ्हाइकाच्या टोपलीत पडेपर्यंत त्याचा प्रवास कसा होतो, याची ही पद्धतशीर पाहणी, आणि ती झाली तेव्हा देशात आजच्यासारखी एकही व्यवस्थापन संस्था नव्हती. विषयाचा जन्म शेतमालाच्या गाडीवर झाला. पुढे कंपन्या मोठ्या झाल्या, त्यांनी त्याला मोटारीत बसवून नेले, आणि आता तो आमच्याकडे परत आला आहे तो कंपनीचा गणवेश घालून.

या नव्या शास्त्राची सूत्रे टाकाऊ आहेत, असे आम्ही म्हणत नाही. १९५४ मध्ये पीटर ड्रकर याने धंद्याचा हेतू गिऱ्हाईक निर्माण करणे हा सांगितला. १९६० मध्ये मॅकार्थी याने चार कलमे मांडली, ती आज प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो: माल, किंमत, ठिकाण आणि प्रसार. आता ही चार कलमे खिशात घालून कॉटन मार्केटच्या फाटकावर उभे राहू. शेतकऱ्याचा माल कोणता, हे बियाण्याचे पाकीट घेतले तेव्हाच पुष्कळसे ठरून गेले. किंमत समोरचा बोलतो. ठिकाण म्हणजे जवळचे यार्ड, नाहीतर दारात वजनकाटा घेऊन येणारा खेडा-खरेदीवाला. आणि प्रसार? तो शून्य. चारांपैकी एकही कलम त्याच्या पुरते हाती नाही. उलट त्याच शेतकऱ्याने घेतलेले बियाणे, औषधाची बाटली, मोबाईल, मोटारसायकल यांची चारही कलमे कोणीतरी दूर बसून नीट आखलेली असतात. तो विकावयास जातो तेव्हाही भाव दुसऱ्याचा आणि घ्यावयास जातो तेव्हाही दुसऱ्याचा. ज्याच्या हाती चारांतले एकही कलम नाही, त्याच्या हाती एक तरी कसे येईल, हा मार्केटिंगचा खरा प्रश्न आहे. आमच्या प्रांतात तर हाच पहिला प्रश्न आहे.

आणि तो सोडविण्यासारखा आहे. एक साधा हिशेब घ्या. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. सरकारी खरेदीत ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, पुढे बारा टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कपात, आणि बाराच्या वर खरेदी नाही. टक्क्याला टक्का धरला तर बारा टक्के ओल्या कापसाला क्विंटलमागे सुमारे ३२४ रुपये कमी पडतात. वीस क्विंटलांच्या गाडीला जवळजवळ साडेसहा हजार. दोन दिवस कापूस वाळवण्याची जागा आणि गावात ओलावा मोजण्याचे एक यंत्र, यांचे मोल किती, हे ज्याला मांडून दाखविता येईल तो खरा मार्केटिंगचा पदवीधर.

कापसाकडून संत्र्याकडे चला. वरुड आणि मोर्शी हे तालुके अमरावती जिल्ह्यातले. पण येथला संत्रा बाजारात जातो तो नागपुरी या नावाने. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. नावाचा लाभ होतो, हे खरे. परंतु नाव असूनही काय होते पहा. आपल्या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. त्या देशाने आयातकर २०१९ मध्ये किलोला २० टका होता तो वाढवीत वाढवीत २०२३ मध्ये ८८ टका केला, आणि वरुडच्या बागेत भाव पडला. एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नये, हे मार्केटिंगच्या पुस्तकात लिहिलेले असते. पण आंबिया बहार तोडणीस आलेला असताना ते पुस्तक बागेपर्यंत कोण घेऊन जाणार? आम्ही पाहिलेल्या प्रकल्पवह्यांत मोटारसायकलीच्या गिऱ्हाइकांचे समाधान पुष्कळ मोजलेले असते. वरुडचा संत्रा, अकोल्याच्या डाळमिलांची तूरडाळ यांची वही मात्र क्वचित दिसते. नागपूर येथे केंद्र सरकारच्या पणन व निरीक्षण संचालनालयाचे मोठे कार्यालय आहे, अकोल्यास १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. प्रयोगशाळा घराशेजारी असून आमची मुले जाहिरातींची चित्रे चिकटवीत बसतात, याला काय म्हणावे?

आता आमच्या खास गोष्टीकडे, म्हणजे पदवीनंतरच्या नोकरीकडे वळतो. मार्केटिंग घेऊन बाहेर पडलेल्यांपैकी थोडे मोठ्या कचेऱ्यांत जातात. पुष्कळांना मिळते ते क्षेत्रातले काम: औषधांचे प्रतिनिधी, बियाणे-कीटकनाशकांचे प्रतिनिधी, विम्याचे, कर्जाचे, मोबाईलच्या जोडण्यांचे. सकाळी अमरावतीहून निघून दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर करून रात्री परत. किंवा अकोल्याहून मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा. दुचाकी स्वतःची, उन्ह वऱ्हाडचे, आणि पाठीवर महिन्याचे लक्ष्य, ज्याला सगळे ‘टार्गेट’ म्हणतात. लक्ष्य पुरे झाले की पुढच्या महिन्यात वाढते. अपुरे राहिले की पगारातील बदलता भाग आटतो. आमच्याकडे आलेल्या एका तरुणाने लक्ष्य भरण्यासाठी शेवटच्या दिवशी स्वतःच्या बचतीतून माल उचलून दुकानदाराकडे ठेवला होता. कंपनीच्या दप्तरी ती विक्री झाली. त्याच्या घरी ते कर्ज झाले. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण ही रीत एकीची नाही.

या तरुणाच्या पत्रावर हुद्दा होता ‘टेरिटरी मॅनेजर’. त्याच्या हाताखाली एकही माणूस नव्हता. रजा देण्याचा अधिकार नाही, दंड करण्याचा नाही, एक रुपयाची सूट देण्याचा नाही. मॅनेजर कोणाचा, तर स्वतःच्या दुचाकीचा! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ती ही गत. परंतु हे नुसते मिरवण्याचे नाव नव्हे. त्यात कायद्याची मेख आहे, ती नीट समजून घ्या.

माल विकण्यासाठी दारोदार फिरणारा माणूस कायद्याने ‘कामगार’ आहे काय, हा प्रश्न न्यायालयांपुढे वारंवार गेला. औद्योगिक कलह कायद्यात कामगाराची व्याख्या होती ती अंगमेहनतीचे, तांत्रिक, कारकुनी वगैरे काम करणाऱ्याची; विक्रीसाठी मन वळविणे यांत बसेना. औषध प्रतिनिधींनी १९६३ मध्ये आपला अखिल भारतीय महासंघ उभारला, लढे केले, आणि १९७६ मध्ये विक्री-प्रसार कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा स्वतंत्र कायदा झाला. त्याने नेमणुकीचे पत्र सक्तीचे केले, वर्षाला पंधरा दिवस नैमित्तिक रजा दिली, काम केलेल्या काळाच्या अकराव्या हिश्श्याइतकी हक्काची रजा दिली, आणि कामगारांच्या इतर कायद्यांचे छत्र या लोकांवर धरले. आधी हा कायदा औषधधंद्यापुरता होता. पुढे आणखी काही धंद्यांना लावला गेला. १९९४ मध्ये सँडोझ कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, औषध प्रतिनिधी मूळच्या व्याख्येत बसत नाहीत. त्यांना जे संरक्षण आहे ते या १९७६ च्या कायद्याने दिलेले आहे. आता तो कायदा २०२० च्या कामगार संहितांत विलीन झाला आहे आणि त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या. त्यांतही विक्री-प्रसार कर्मचाऱ्याला कामगारांत धरले आहे आणि नेमणुकीचे पत्र सर्वांना द्यावयाचे आहे. मात्र जो व्यवस्थापकीय काम करतो तो या छत्राबाहेर. आता कळले ना, बिनमाणसांचा मॅनेजर का नेमतात? न्यायालय हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष काम पाहते, हे खरे. पण ते सिद्ध करण्यास तारखा पडतात, आणि त्या तारखांना हजर राहण्यासाठी नोकरी गेलेली असते.

ज्या शिक्षणसंस्था दुसऱ्या वर्षी ब्रँडची जोपासना शिकवितात, त्यांनी एक आठवडा तरी नेमणुकीचे पत्र कसे वाचावे, हे शिकवावे. पगारातील ठरलेला भाग किती, बदलता किती, प्रवासखर्च कशावर, लक्ष्य कोण ठरविणार, न विकलेला माल कोणाचा, हे पाच प्रश्न विचारण्याचे धैर्य हीही व्यवस्थापनाचीच विद्या आहे. आम्ही एवढेच म्हणतो की, आपला माल म्हणजे आपली मेहनत. तिचे मार्केटिंग ज्याला येत नाही तो दुसऱ्याच्या साबणाचे काय करणार?

एक आक्षेप राहिला. आमच्याच चळवळीतील काही मित्र म्हणतात, मार्केटिंग म्हणजे खोटे बोलण्याची विद्या, ती शिकूच नये. हे आम्हास पटत नाही. काट्यात पाप करणारा भेटला म्हणून वजन करणे कोणी सोडीत नाही. खोट्या जाहिरातीला कायद्याने बंदी आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा बदलून २०१९ चा आला, त्यात फसव्या जाहिरातीला दंडही सांगितला आहे. शिवाय ज्या गोष्टी आपल्या आहेत त्यांनाही बाजार हवाच आहे. बचत गटाच्या बायांचे पापड-मसाले, मेळघाटातील मध, शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांची डाळ, हे सर्व चांगले असून गोदामात पडून राहते, ते कोणी खोटे बोलले नाही म्हणून नव्हे, तर कोणी मोजले नाही, बांधणी नीट केली नाही, गिऱ्हाईक शोधले नाही म्हणून. चांगल्या हेतूच्या माणसांनी ही विद्या टाकली तर ती नाहीशी होणार नाही. ती फक्त दुसऱ्याच्या घरी राहील.

तेव्हा आईबापांना आमचे उत्तर असे: मुलाला मार्केटिंग घेऊ द्या. पण तो बोलका आहे म्हणून नव्हे. त्याला माणसांत जाण्याची आवड आणि आकड्यांचा कंटाळा नसेल तर. फी भरण्यापूर्वी कॉलेजात जाऊन विचारा की, मागच्या तुकडीतले किती जण, कोणत्या कामावर, किती ठरलेल्या पगारावर लागले. छापील पत्रकावरच्या टाय लावलेल्या चित्राला भुलू नका. तेही मार्केटिंगच आहे.

विद्यार्थ्यांना सांगणे असे: सुटीतल्या प्रकल्पासाठी एकदा तरी आपल्याच गावचा बाजार घ्या. एका क्विंटल कापसामागे, एका पेटी संत्र्यामागे निघा आणि वाटेत प्रत्येक हाताने किती घेतले ते लिहा. हमालाची हमाली, मापाऱ्याची तोलाई, अडत्याची अडत, गाडीभाडे, सारे लिहा. ती वही मराठीत लिहा, आणि तिची एक प्रत आपल्या वाचनालयात ठेवा, म्हणजे ज्याचा माल तुम्ही मोजला त्याला ती वाचता येईल.

आणि कॉलेजांच्या चालकांना विनंती ही की, वर्षातून एक व्याख्यान कंपनीच्या अधिकाऱ्याचे ठेवता, तसे एक बाजार समितीतल्या जुन्या मापाऱ्याचे आणि एक वीस वर्षे फिरलेल्या औषध प्रतिनिधीचे ठेवा. मापाऱ्याला इंग्रजी येणार नाही, पण बाजार येतो.

१८९७ च्या कायद्यात शेतकऱ्याची खुर्ची नव्हती, कारण कायदा लिहिणाऱ्या खोलीत बाजार जाणणारा त्याचा माणूस नव्हता. आज दरवर्षी तशी शेकडो मुले आपल्या पाच जिल्ह्यांतून तयार होत आहेत. ती बाजार समितीत, उत्पादक कंपनीत, युनियनमध्ये आणि हो, कंपन्यांतही बसोत. मात्र कोणाच्या घरचे आपण आहो, हे विसरून बसू नयेत.